डोळे बांधून जिंकायचा क्लास

माझा राग नाकावर असतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात आणि ते खोटं नाही. पण हा राग नाकावरचा नव्हे. तो अजून पोटात बसलाय. भोसरीहून मोशीकडे जाताना 'मुलांचा मेंदू जागा करा' अशी एखादी पाटी दिसली की डोक्यात तिडीक जाते, आणि रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा मी ऐकवते की मुलांचे मेंदू जागेच असतात, झोपलेत ते आईबापांचे. बाई बिचारी सरकून बसते.

माझी भाची खो-खो खेळते. धाकट्या बहिणीची ही एकुलती एक मुलगी. बहीण कुरुळीला दिली आहे. मेहुणे तिथल्याच जुन्या घरातले, चाकणजवळ गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लाईनवर सुपरवायझर. भाची मात्र शाळेसाठी माझ्याकडे दिघीला राहते. कुरुळीत आता रस्त्यावर कंटेनर आणि मोकळ्या जागेत भाडेकरूंच्या खोल्या. पोरांना पळायचं म्हटलं तर वाहनांच्या मधून पळावं लागतं. दिघीला आमच्या गल्लीच्या टोकाला, लष्कराच्या भिंतीला लागून मैदान आहे. लहानपणी मीही तिथेच खेळले. पुढे लग्न केलं नाही, भोसरीत एका वर्कशॉपचं ऑफिस सांभाळत राहिले, आणि भाची राहायला आली तेव्हा मैदानाकडे माझे पाय पुन्हा वळले.

ही मुलगी पळायला लागली की बघत राहावं. तशी बारीक, जरा घुमी, घरात चार वेळा हाक मारल्याशिवाय ओ न देणारी. पण मैदानात उतरली की पकडणारी मुलगी जिथे झेपावते तिथून ही आधीच निघालेली असते. बसलेल्या दोन मुलींच्या मधून अशी निसटते की मागून येणारीचा हात हवेतच राहतो. खो-खोत पकडणारीला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही. ती कुठल्या बाजूला वळणार हे जिला आधी कळतं ती वाचते. आमच्या पोरीला ते कळायचं. कसं कळतं असं विचारलं तर खांदे उडवायची.

घोडं अडायचं ते सामन्यात. सरावात वाघीण, पण समोर अनोळखी मुली, भोवती माणसं आणि पंचांची शिट्टी असली की हातपाय गार. आदल्या वर्षी जिल्हा संघाच्या निवडीला तिने अशी हाय खाल्ली की खांबाजवळ खिळल्यासारखी उभी राहिली आणि पहिल्या झटक्यात बाद झाली. घरी येऊन जेवली नाही. मैदानावर शिकवणाऱ्या आमच्या बाई, म्हणजे महापालिकेच्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका, मला म्हणाल्या, "होईल हो. वय आहे. धीर हळूहळू येतो."

बाईंची स्वतःची एक पद्धत होती. सराव संपला की मुलींना मैदानात बसवून डोळे मिटायला लावायच्या. "आता मनातल्या मनात पळा. खांबापासून निघालात. पहिली कुठे तोंड करून बसलीय? दुसरी? आता ती उठली, तुम्ही कुठे?" मुली डोळे मिटून हसायच्या, एकमेकींना कोपरं मारायच्या, पण हळूहळू गप्प व्हायच्या. त्यांचे पाय जमिनीवर नकळत हलताना मी पाहिले आहेत. म्हणजे मन तयार करणं वगैरे मला कळत नाही अशातला भाग नाही. खेळ निम्मा डोक्यात असतो हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर जास्त चीड येते.

क्लासचं खूळ मेहुण्यांनी आणलं. त्यांच्या कंपनीतल्या कुणा साहेबाचा मुलगा तिथे जातो म्हणे, आणि तो डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचतो. मेहुणे माणूस चांगला, पोरीवर जीव टाकणारा. पण कंपनीत राहून राहून त्यांचा ट्रेनिंग या शब्दावर देवापेक्षा जास्त विश्वास बसलाय. रविवारी दिघीला आले ते रंगीत माहितीपत्रक घेऊनच.

"ताई, आमच्याकडं मशीनला सेन्सर बसवला ना, तवापासनं माल रिजेक्ट व्हायचा थांबला," ते म्हणाले. "पोरीला काय कमी हाय? फकस्त कॉन्फिडन्स. त्यो हे लोक बसवून देत्यात."

"पोरगी मशीन आहे का, बसवून द्यायला?" मी म्हटलं.

"तुमी आधी बघा तरी, मंग बोला."

मी त्या तिघांबरोबर बघायला गेले. मोबाईलच्या दुकानाच्या वर पहिल्या मजल्यावर क्लास. आत गालिचा, भिंतीवर मेंदूचं भलंमोठं चित्र, आणि कोट घातलेले एक सर. वय फार नसेल, पण आवाज असा की समोरच्याला आपण रांगेत उशिरा आलोय असं वाटावं. त्यांनी आम्हाला समजावलं. मेंदूच्या मधला भाग बहुतेकांचा निजलेला असतो. मुलांना ठरावीक संगीत ऐकवलं, ठरावीक श्वास घ्यायला लावला की तो उठतो. मग डोळ्यांची गरज राहत नाही. पट्टी बांधली तरी दिसतं. आणि खेळाडूला तर मागचंही दिसतं.

"खो-खो ना?" सर भाचीकडे बघून म्हणाले. "पकडणारी पाठीमागून येते. पण तुझ्या मेंदूला ती आधीच दिसलेली असेल. विचार कर, मग तुला भीती कशाची?"

मेहुण्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की मला बोलवेना. पण मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. "डोळे पुढे दिलेत ते मान वळवायला," मी म्हटलं. "माझ्या काळी मान वळवायचो आम्ही." सर हसले. अशा हसण्याची त्यांना सवय असावी. बहिणीने माझा हात दाबला आणि पोरीचं नाव घातलं गेलं.

तेव्हापासून शनिवार-रविवार सकाळी भाची क्लासला. परत आली की मी विचारायचे, "काय केलं?" ती सांगायची, कानाला हेडफोन लावले, गुणगुणल्यासारखा आवाज ऐकला, सगळ्यांनी 'मी चॅम्पियन आहे' असं ओरडून म्हटलं. "आणि दिसलं का काही?" यावर ती पाणी प्यायला जायची. मला वाटलं, कंटाळली असेल. शिकवणीला कंटाळणं हा काही आजार नव्हे.

मग क्लासने पालकांसाठी डेमो ठेवला. एका मंगल कार्यालयाचा हॉल घेतला होता. मुलं ओळीने मंचावर, डोळ्यांवर काळ्या पट्ट्या. सर एकेकाच्या हातात वस्तू देत आणि मूल तिचा रंग सांगे, चेंडूवरचं अक्षर वाचे, आईच्या साडीचा काठ ओळखे. टाळ्यांवर टाळ्या. आमची पाळी आली. भाचीने चेंडू हातात घेतला, हनुवटी जराशी वर केली आणि म्हणाली, "हिरवा." मग एक कागद दिला, तो तिने पोटापाशी धरला आणि वाचला. मेहुणे उभे राहून मोबाईलवर चित्रण करत होते. बहीण डोळे पुसत होती.

मी मात्र तिची हनुवटी बघत होते. माझे वडील चष्म्याच्या खालच्या भिंगातून पेपर वाचायचे तेव्हा मान अशीच मागे टाकायचे. मंचावरची सगळीच मुलं माना मागे टाकून उभी होती. सगळ्यांच्या वस्तू पोटापाशी. एकानेही कागद कपाळासमोर धरला नव्हता.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, पुढे गेले आणि सरांना म्हटलं, "ही माझी ओढणी घ्या. मी बांधते तिला, नाकापर्यंत. आणि कागद तिच्या डोक्यावर धरते. मग वाचू द्या."

 सर अजिबात गडबडले नाहीत. माईकवरूनच म्हणाले, "ताई, घरातल्या एका माणसाची शंका मुलाचा जागा झालेला मेंदू पुन्हा बंद करू शकते. तुम्हाला तुमच्या मुलीचं नुकसान करायचंय का?"

 सगळे पालक माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मी एखाद्याच्या ताटात माती टाकली. मेहुण्यांनी मला दंडाला धरून मागे आणलं. "ताई, गप बसा ओ. माणसं बघत्यात. तिचा आज दिवस हाय, त्यो बी खराब करताय." मी भाचीकडे पाहिलं. पट्टी बांधलेलीच होती. पण तिने मान आता खाली घातली होती आणि ओठ आत दाबून धरले होते. मला वाटलं ती माझ्यावर चिडलीय. घरी गेल्यावर मी पुन्हा विषय काढला तर बहीणच अंगावर आली. "तुला माझ्या मुलीचं चांगलं झालेलं बघवत नाही का?" असं तोंडावर म्हणाली. त्यानंतर पंधरवडाभर आम्ही बोललो नाही. मेहुण्यांनी तो व्हिडिओ कंपनीच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले, साहेबांनी सुद्धा, आणि दोघा-तिघांनी आपापल्या पोरांची नावं त्याच क्लासात घातली.

इथवर माझा राग साधा होता. लोक फसतात, आपले लोकही फसतात, दोन दिवस चडफडायचं आणि सोडून द्यायचं. पुढे जे झालं त्याने तो राग साधा राहिला नाही.

आमच्या मैदानावर सरावाला पंच नसतो. कुणाला हात लागला ते जिला लागला तीच सांगते. हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. ही रीत माझ्याही आधीपासूनची आहे. पकडणारी कधीच ओरडत नाही. तिने ओरडणं म्हणजे समोरचीला खोटारडी ठरवणं. एखादी हात लागूनही पळत राहिली तर तिच्याशी कुणी भांडत नाही, पण दुसऱ्या दिवशी तिला कुणी आपल्या तुकडीत घेत नाही. भाची या रीतीत वाढलेली.

तर भाची हात लागला नसताना हात वर करायला लागली.

पहिल्यांदा बाईंना वाटलं चुकून. मग रोज. सुरेख निसटायची, पकडणारीचा हात वीतभर मागे राहायचा, आणि ही थांबून हात वर करून चालायला लागायची. पकडणारी मुलगी तिथेच उभी राहून म्हणायची, "अगं, मी नाही लावला!" ही म्हणायची, "लागला." बाईंनी मला बोलावून दाखवलं. "हिला काय झालंय हो? जिंकता जिंकता बाहेर जाते." मी घरी विचारलं, गोड बोलून विचारलं, रागावून विचारलं. "लागला होता," एवढंच उत्तर. डोळे दुसरीकडे.

निवड चाचणी त्या वर्षी राजगुरुनगरला होती, एका शाळेच्या मैदानावर. मेहुणे येणार होते, पण त्यांच्या कंपनीत परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट निघालं आणि रजा रद्द झाली. बहीण, मी आणि बाई गेलो. चौदा वर्षांखालच्या गटातली ही तिची शेवटची संधी होती. यात संघात आली तर पुढच्या वयोगटात तिच्याकडे लक्ष जाणार, नाही आली तर मोठ्या मुलींच्या गर्दीत कोण विचारतं? हे तिलाही माहीत होतं. सकाळपासून ती वेणी सोडून पुन्हा पुन्हा बांधत होती.

पण मैदानात उतरली आणि भीती कुठल्या कुठे गेली. मी खरं सांगते, अशी ती कधीच पळाली नव्हती. तिच्याबरोबर उतरलेल्या दोघी बाद झाल्या, ही एकटी उरली. पकडणाऱ्या बदलत होत्या, 'खो'चे आवाज येत होते, आणि ही प्रत्येकीला एक पाऊल आधी ओळखत होती. निवड करणारे लोक खुर्च्या पुढे ओढून बसले. बाईंनी माझं मनगट धरलं होतं. मग एक उंच मुलगी वेगात आली, हिने डावीकडे झुकल्यासारखं केलं, ती डावीकडे गेली आणि ही उजवीकडून सुटली. मोकळी सुटली. भोवती जागाच जागा.

आणि हात वर करून बाहेर चालू लागली.

शिट्टी झाली नव्हती. पंचांना कळेना काय करावं. उंच मुलगी म्हणाली, "मी लावला नाही सर." पंचांनी भाचीला विचारलं, "लागला का तुला?" तिने मान हलवली, हो म्हणून. मग ते तरी काय करणार? बाद दिली. दुसऱ्या डावात ती नुसतीच उभी होती. संघात निवड झाली नाही, हे वेगळं सांगायला नको.

शाळेच्या मागे पाण्याची टाकी होती, तिथे मी तिला गाठलं. मी चिडलेली होते आणि ते लपवायला गेले नाही. "का केलंस? का? सगळ्यांनी पाहिलं, हात लागला नव्हता."

तिने नळ सोडून त्याखाली हात धरले. मग म्हणाली, "मावशी, मला पट्टीतून काही दिसत नाही."

"ते मला ठाऊक आहे. कुणालाच दिसत नाही."

"नाही. सगळ्यांना दिसतं. मला एकटीलाच दिसत नाही." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "पहिल्या दिवशी मी सरांना खरं सांगितलं, काळोख दिसतो म्हणून. तर ते सगळ्यांसमोर म्हणाले, हिच्या मनात शंका आहे, हिचा मेंदू उठायला वेळ लागेल. मग मी नाकापाशी फट होती तिच्यातून बघितलं. तर म्हणाले, शाबास. तेव्हापासून रोज तसंच बघते. सगळी खरी आहेत, मीच खोटी आहे."

 पण तिचं संपलं नव्हतं.

"आणि मैदानात पण मी तसंच करते. पकडणारीचा खांदा बघते. ती वळायच्या आधी तिचा खांदा वळतो, ते मी चोरून बघते आणि सुटते. बाकीच्यांना आतून कळतं. मी बघून करते. मग ते पण खोटंच झालं ना?"

मला आठवत नाही मी आयुष्यात इतकी कधी संतापले असेन. त्या मुलीवर नाही. ज्या मुलीला देवाने असे डोळे दिले, पकडणारीचा खांदा वळायच्या आत ओळखणारे, तिला त्या कोटवाल्याने पटवून दिलं होतं की डोळ्यांनी बघणं ही चोरी आहे! आत्मविश्वास द्यायला घेऊन गेले आणि होता तोही काढून घेतला. सामन्याची भीती होती, ती वयाने गेली असती, त्याच दिवशी गेलीही होती. पण स्वतःच्या खऱ्या गुणाची लाज वाटायला लागणं, याला काय औषध? पट्टीतून मूल वाचेना तर क्लास कधीच खोटा पडत नाही, मूलच खोटं पडतं, अशी ती सोय. आणि ती सोय पैसे घेऊन विकतात, हॉल भरून विकतात!

"अगं, खांदा बघणं म्हणजेच खेळणं," मी ओरडलेच. "बाई काय शिकवतात मग? मी काय करत होते तुझ्या वयाची असताना? बघूनच पळतात सगळे. आतून बितून काही कळत नसतं. ती सगळी पोरं फटीतूनच बघतात, माना मागे टाकून!"

तिला पटलं की नाही कुणास ठाऊक. "पप्पांना सांगू नको," एवढं म्हणाली.

मी सांगितलं. लपवायची गोष्ट नव्हती ती. पुढच्या सुट्टीला मी तिला घेऊन कुरुळीला गेले आणि बहीण-मेहुण्यांसमोर सगळं ठेवलं, निवडीचं, पट्टीचं, खांद्याचं. बहिणीने पदर तोंडाला लावला. मेहुणे आधी मला खोटं पाडायला बघत होते. मग त्यांनी पोरीला विचारलं, "मंग त्या दिशी चेंडूचा रंग कसा सांगितलास?"

"फटीतून," ती म्हणाली.

मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि त्या क्लासात जाऊन सरांची गचांडी धरेल. धरली असती तर मीही त्यांच्या मागोमाग गेले असते. पण मेहुणे खाली बघत अगदी हळू म्हणाले, "येत्या रविवारी पुन्हा डेमो हाय. माझ्या लाईनची माणसं येणारेत, मीच बोलवलंय त्येंला. तेवढा एक कर. मंग सोड क्लास."

"म्हणजे खोटं करू?" पोरीने विचारलं.

"खोटं कशापायी? मागं केलंस तसं. आता बघ, कंपनीत ऑडिट असतं, तवा आमी बी दोन तास समदं चकाचक दाखवतोच की. कोण काय विचारल, काय सांगायचं, पाठ असतं. साहेब गेला की हाय ते हायच. त्येला कोण खोटं म्हणतं व्हय?"

ते हे लबाडीने बोलत नव्हते. यानेच माझा जीव जळतो. अगदी साध्या मनाने, समजूत घालायच्या सुरात बोलत होते. या कारखान्यांच्या पट्ट्यात राहणारा कुठलाही माणूस हे समजू शकेल. मीही वर्कशॉपमध्ये ऑडिटच्या आदल्या दिवशी जमिनीवरचे पिवळे पट्टे रंगवून घेते आणि मोडक्या ट्रॉल्या मागच्या शेडमध्ये लपवते. पण लोखंडाच्या ट्रॉलीला लाज नसते. पोटच्या पोरीला ऑडिटची ट्रॉली करायची? मी तोंडाला येईल ते बोलले. बहीणही या वेळी माझ्या बाजूने बोलली. मेहुणे बाहेर जाऊन मोटरसायकल पुसत बसले.

"मी जाईन," भाची म्हणाली.

"अजिबात जायचं नाही," मी म्हटलं.

"जाईन," ती पुन्हा म्हणाली, आणि तेव्हा मला तिचा आवाज जरा वेगळा वाटला, पण रागाच्या भरात मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

रविवारी तोच हॉल. मेहुणे तिसऱ्या ओळीत, शेजारी त्यांच्या लाईनची माणसं इस्त्रीचे शर्ट घालून, बायकापोरांसह. मी मागे उभी राहिले. मुलं मंचावर आली, पट्ट्या बांधल्या गेल्या. भाचीची पाळी आली तेव्हा सर माईकवर म्हणाले, "ही आमची खो-खोची खेळाडू." तिच्या हातात चेंडू दिला. "सांग बेटा, कुठला रंग?"

ती सरळ उभी होती. मान मागे नाही, हनुवटी वर नाही. म्हणाली, "मला दिसत नाही."

"शांत हो. श्वास घे. मनातली शंका काढून टाक. आता सांग."

"मला काही दिसत नाही, सर. अंधार आहे."

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. तिने दोन्ही हातांनी पट्टी वर सरकवली, चेंडूकडे पाहिलं आणि म्हणाली, "लाल. आता दिसतो." पुढच्या ओळीत कुणीतरी हसलं. सर घाईघाईने सांगायला लागले की काही मुलांची तयारी कमी पडते, घरचं वातावरण असतं. तेव्हा ती माईकच्या जवळ गेली. "तयारी होती सर. मागच्या वेळी मी फटीतून बघितलं होतं."

मंचावरच्या ओळीत एका लहान मुलीने आपली पट्टी उचलली आणि हिच्याकडे टक लावून पाहिलं. मग तिने ती पुन्हा खाली ओढली, कारण तिची आई समोरून डोळे वटारत होती. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, क्लासही बंद पडला नाही. सरांनी पुढचं मूल घेतलं, त्याने निळा रंग बरोबर सांगितला आणि हॉल पुन्हा टाळ्यांनी भरला. लोकांना काय हवं असतं ते लोकांना बरोबर मिळतं. पण मंचावरून उतरणाऱ्या माझ्या भाचीचे पाय डगमगत नव्हते, ते मी पाहिलं.

मेहुण्यांच्या शेजारचा माणूस त्यांना कोपराने ढोसून काहीतरी म्हणाला आणि खीखी हसला. मेहुणे उठले. मी पटकन पुढे झाले, म्हटलं आता हे पोरीवर हात उगारतील. ते तिला दाराबाहेर जिन्यापाशी घेऊन गेले. मी मागोमाग. तिथे ते तिच्यासमोर पायरीवर बसले, चेहरा पडलेला. म्हणाले, "एवढे महिने हे आत घेऊन फिरलीस. मला आधी का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही व्हिडिओ सगळ्यांना दाखवला होता ना," ती म्हणाली. "मी खरं बोलले असते तर कंपनीत तुम्ही खोटे पडला असता, पप्पा."